अडीअडचणीचं मडकं

पुष्कळ काळ लोटला या गोष्टीला. नदीकाठी एक पेठेचं गाव होतं आणि त्या गावात निंबाजी नावाचा रंगारी राहत होता. आसपासच्या साऱ्या गावांची लुगडी आणि पागोटी त्याच्याच कुंडांत रंगत. त्याचा निळा रंग, कापड दगडावर कितीही आपटलं तरी, उतरत नसे. त्याचा तांबडा रंग पाहून उपवर मुली हट्ट धरत, की लग्नाचं लुगडं निंबाजीकडचंच हवं. हात कसबी होता, कमाई बरी होती आणि घरात माणसं दोनच, तो आणि त्याची बायको सारजा. मूलबाळ झालं नव्हतं. ते दुःख दोघांनी समजुतीनं बाजूला ठेवलं होतं.

निंबाजीला वाईट सवय अशी एकही नव्हती. तो दारूला शिवला नाही, फाशांना शिवला नाही. त्याला हौस होती ती जमवण्याची.

सुरुवात एका अडकित्त्यापासून झाली. एका जुन्या घरातलं सामान विकायला निघालं होतं, त्यात मोराच्या आकाराचा पितळी अडकित्ता होता. सुपारी धरली की मोराची चोच मिटायची. निंबाजी तो घेऊन आला आणि पुढच्या बाजाराला घोड्याच्या आकाराचा शोधायला निघाला. अडकित्ते मांडायला त्यानं भिंतीत कोनाडा केला. कोनाड्यात उजेड हवा म्हणून एक दिवा आणला. तो दिवा इतका देखणा निघाला, की दिव्यांचंही वेड लागलं. मग मीठ घेऊन घाट चढणारे बैलवाले समुद्राकाठचे शंख आणू लागले, आणि शंखांनीही घरात जागा मागितली.

ऐकणाऱ्यांनो, हौस ही काही वाईट गोष्ट नव्हे. दिवसभर नीळ ढवळून हात काळेनिळे झालेला माणूस संध्याकाळी एक शंख कानाला लावून बसतो, तेव्हा त्याचा शीण जातो. सारजेला हे कळत होतं. तिला स्वतःला वस्तूंचं वेड नव्हतं. पण नवी वस्तू आणली की निंबाजी आधी तिला हाक मारायचा, आणि ती हातातलं काम टाकून यायची. वस्तू उजेडाकडे धरून ती अशी निरखायची, की त्याच्या डोळ्यांतून सुटलेली एखादी बारीक नक्षी तिला हमखास सापडायची. "अहो, याच्या शेपटीवर वेल कोरलाय, पाहिलात का?" ती म्हणायची. आणि मग निंबाजीला वाटायचं, आता कुठे ही वस्तू आपली झाली.

पण पैसा सगळा एकाच थैलीत असायचा. थैलीत हात घालताना तो हात घराचा आहे की हौसेचा, हे थैलीला कळत नाही. एकदा महिना सरायच्या आत घरातली ज्वारी सरली. सारजा शेजारणीकडून पायलीभर उसनी घेऊन आली आणि दळायला बसली. निंबाजीला हे शेजाऱ्याच्या तोंडून कळलं. त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं नाही.

सारजेनं त्याला बोल लावला नाही. ती कुंभारवाड्यात गेली आणि पाच मडकी घेऊन आली. फळीवर ती ओळीनं मांडून ती म्हणाली, "कमाई आली की आधी घराचं मडकं भरायचं. मग अडीअडचणीचं. उरेल ते या तिघांत वाटायचं, अडकित्ते, दिवे आणि शंख. जिचं मडकं रिकामं, त्या हौसेनं गप्प निजायचं. दुसऱ्याच्या मडक्यात हात घालायचा नाही. एवढं पाळलंत तर मी कुठल्याच वस्तूला नको म्हणणार नाही."

निंबाजीला ते पटलं. त्यानं आपल्या कुंडांतले रंग बोटानं लावून पाची मडक्यांना खुणा केल्या. घराला हळदीचा पिवळा, अडीअडचणीला तांबडा, बाकीच्यांना निळा, हिरवा, जांभळा. मडक्यांची तोंडं फडक्यानं बांधली.

सुरुवातीला जड गेलं. मनाजोगा दिवा समोर दिसायचा आणि दिव्यांच्या मडक्याच्या तळाशी दोन नाणी असायची. तो हात चोळत परत यायचा. पण हळूहळू त्याला थांबण्यातली गोडी कळली. महिनोन् महिने मनात घोळवून घेतलेला शंख घरी आला, की तो आठ दिवस उशाशी ठेवायचा. पाहता पाहता कित्येक वर्षं अशी गेली. घरात ज्वारी कमी पडली नाही, आणि कोनाडेही भरले. निंबाजी पुढे म्हणायचा, की ती त्याच्या आयुष्यातली सगळ्यांत सुखाची वर्षं होती. पण हे त्याला फार उशिरा कळलं.

त्या राज्यातून दरसाल एक तांडा जायचा. उन्हाळ्याच्या शेवटी तो गावाबाहेरच्या माळावर उतरायचा, बैलांना दोन-तीन दिवस विसावा द्यायचा आणि पाऊस लागायच्या आत नदी ओलांडून पुढे जायचा. परतताना दसऱ्यानंतर पुन्हा याच वाटेनं यायचा. तांड्यात एक व्यापारी असे. जुन्या, दुर्मीळ वस्तू घेणं आणि हौशी माणसांना विकणं हा त्याचा धंदा. एका वर्षी त्यानं निंबाजीपुढे एक लाकडी डबी उघडली. आत गंजिफा होत्या, म्हणजे खेळायचे जुने पत्ते. गोल, लाखेनं चकचकीत केलेली, हातानं रंगवलेली पानं. संच दशावतारी होता, पण डबीत एकाच अवताराची पानं होती. पाण्यात पोहणारे छोटे छोटे मासे.

"बाकीचे अवतार वेगवेगळ्या घरांत पांगलेत," व्यापारी म्हणाला. "मिळतील तसे आणीन. तुम्ही घ्याल का, तेवढं सांगा."

रंगाच्या माणसाला रंगाचा मोह. निंबाजी ती डबी खाली ठेवू शकला नाही.

घरी आल्यावर सारजेनं पानं पाहिली. तिलाही ती आवडली. मग ती म्हणाली, "चौथी हौस आली तर हौसेचं चौथं मडकं मांडा. मग या तिघींना थोडं थोडं कमी पडेल. नाहीतर एकीला निरोप द्या. कमाई काही वाढली नाही."

निंबाजी बरं म्हणाला. पण कुणाला कमी करायचं, हे त्याला ठरवता येईना. अडकित्ते पहिले होते. दिवे अर्ध्यावर होते. शंखांना सोडणं म्हणजे समुद्राला सोडणं. म्हणून त्यानं चौथं मडकं मांडलंच नाही. गंजिफांचे पैसे त्या वेळी त्यानं शंखांच्या मडक्यातून घेतले आणि मनात म्हणाला, पुढच्या महिन्यात परत टाकू. पुढच्या महिन्यात शंख आला, तेव्हा दिव्यांच्या मडक्यातून घेतले. दिव्यांचं देणं अडकित्त्यांनी फेडलं. कोणाचं कोणाकडे किती येणं आहे हे त्याच्या डोक्यात होतं, आणि मग तेही राहिलं नाही. तिन्ही मडकी नेहमी रिकामी आणि तिन्ही हौशी अर्धपोटी. पण गंजिफांचे अवतार एकेक करून घरी येत राहिले. कासव आलं, वराह आला, नरसिंह आला.

या दिवसांत सारजेचं निरखणं मात्र मंदावलं होतं. ती हातातलं काम टाकून यायची, पण पान डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ धरायची. सुईत दोरा ओवायला शेजारच्या मुलीला हाक मारायची. तांदळातला खडा तिच्या नजरेतून सुटू लागला. एके दिवशी ती उंबरठ्याला ठेचकाळून पडली, तेव्हा कुठे निंबाजी दचकला.

तांड्यात डोळ्यांचा एक वैद्यही असे. त्यानं सारजेला उन्हाकडे तोंड करून बसवलं आणि पापण्या वर करून पाहिलं. "दोन्ही डोळ्यांत मोती धरलाय," तो म्हणाला. "अजून कच्चा आहे. पुढल्या वर्षी उन्हाळ्यात मी येईन, तेव्हा सुईनं बाजूला सारीन, नजर परत येईल. पण पुढचं वर्ष चुकवू नका. मोती फार पिकला तर आतच फुटतो, आणि मग आतला दिवा विझतो. तो कोणाला लावता येत नाही." त्याचा मोबदला मोठा होता. तांड्याचा नायक तो आधी घ्यायचा आणि मगच वैद्याला सुई हातात धरू द्यायचा. पण अडीअडचणीच्या मडक्यात इतक्या वर्षांचं साठलेलं होतं. त्यात थोडी भर टाकली की भागणार होतं. निंबाजीनं सुटकेचा निःश्वास टाकला.

सारजा त्या दिवसापासून जास्तीचं सूत कातू लागली. चातीला डोळे लागत नाहीत, बोटं लागतात. सूत विकून येईल ते ती आपल्या हातानं तांबड्या खुणेच्या मडक्यात टाकायची. खूण तिला आता दिसत नव्हती. फळीवरचं दुसरं मडकं, एवढं तिला ठाऊक होतं.

दसऱ्यानंतर तांडा परत आला, आणि व्यापाऱ्यानं निंबाजीला बाजूला बोलावलं. गंजिफांचा शेवटचा अवतार त्याला सापडला होता. पांढऱ्या घोड्यावरचा, हातात तलवार घेतलेला. "ही पानं घेतलीत की संच पुरा," तो म्हणाला. "असा पुरा संच राजधानीतही कोणाकडे नाही." त्यानं जी किंमत सांगितली ती ऐकून निंबाजी खाली बसला. व्यापारी म्हणाला, "उद्या सकाळपर्यंत थांबतो. नाहीतर पुढच्या गावी घेणारे आहेत."

निंबाजीनं तिन्ही मडकी चाचपली. तिन्ही हलकी होती. मग त्याचा हात तांबड्या खुणेच्या मडक्यावर जाऊन थांबला. वैद्य यायला अजून कितीतरी अवकाश होता. लग्नसराई पुढे होती. एका लग्नसराईत तो एवढं सहज कमावत असे. हे काही घेणं नव्हे, चार महिन्यांची उसनवारी आहे, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मडक्यातून त्यानं जवळजवळ सगळंच काढलं.

शेवटची पानं घरी आणून त्यानं नेहमीसारखी सारजेला हाक मारली. तिनं एक पान डोळ्यांजवळ धरलं, उजेडाकडे फिरवलं, पुन्हा जवळ आणलं. मग हसून ते त्याच्या हातात दिलं. "घोडा असेल ना यात?" ती म्हणाली. "मला नुसता पांढरा डाग दिसतोय. तुम्हीच सांगा कसा आहे ते."

निंबाजी सांगू लागला. घोड्याची मान, लगाम, तलवारीची मूठ. सांगता सांगता त्याची नजर पानावरून तिच्या डोळ्यांवर गेली. तेव्हाच तो उठला असता आणि व्यापाऱ्याच्या मागे धावला असता, तर गोष्ट इथेच संपली असती. पण संच पुरा झाला होता. पुरा झालेला संच हातात असताना तो परत करायला जो उठतो, तो माणूस निराळा.

थंडी सरायच्या आत त्या राज्याचा म्हातारा राजा वारला. राजा लोकांचा लाडका होता. दवंडी पिटली गेली, की वर्षभर राज्यात सुतक. लग्नं होणार नाहीत, वाजंत्री वाजणार नाही, आणि थोरामोठ्यांपासून गोरगरिबांपर्यंत सगळे पांढरं वस्त्र नेसतील.

रंगाऱ्याच्या कुंडांवर जाळी धरली. निंबाजी नुसती भट्टी लावून कोरी कापडं धुऊन देऊ लागला. त्यात घराचं मडकं कसंबसं भरायचं. अडीअडचणीच्या मडक्यात टाकायला काही उरायचंच नाही. सारजेचं सूत मात्र पांढरं होतं. त्याला गिऱ्हाईक होतं. तिची नाणी मडक्यात पडत राहिली.

पाडव्याच्या आधी घर सारवायला निघालं, की सारजा फळीवरची मडकी उतरवायची. हे निंबाजीला ठाऊक होतं. मडकं उचललं की ते हलकं लागणार. ती विचारणार. आणि तिला सांगायचं तर काय सांगायचं? तो नदीवर गेला आणि गुळगुळीत खडे वेचून उपरण्यात बांधून घेऊन आला. मडक्यातली सारजेची नाणी त्यानं काढली, तळाशी खडे भरले आणि वर तिची नाणी पसरली. तिला उगाच घोर नको, असं त्यानं मनाला समजावलं. उन्हाळ्यापर्यंत कुठून तरी सोय होईलच. खडे काढून टाकू, तिला कधी कळणारही नाही.

सारजेनं फळी सारवताना ते मडकं दोन्ही हातांनी उचललं. "बरंच जड झालंय की," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर असं समाधान पसरलं, की निंबाजी उठून बाहेर गेला.

सोय कुठूनही झाली नाही. सुतकाच्या वर्षात सगळ्यांचेच हात आखडलेले. सावकारानं तारणाला सोनं मागितलं, आणि सोनं त्या घरात नव्हतंच. उन्हाळा सरत आला आणि एका सकाळी माळावर बैलांच्या घंटा ऐकू आल्या.

निंबाजीनं ठरवलं होतं, की वैद्याला वाटेत गाठायचं, हातापाया पडायचं. पण सारजा वर्षभर या दिवसाची वाट पाहत होती. तिनं शेजारच्या मुलीला पाठवून वैद्याला घरीच बोलावून घेतलं होतं. निंबाजी माळावरून परत आला, तर वैद्य आणि तांड्याचा नायक त्याच्या अंगणात बसले होते. त्यांच्यासमोर सारजेनं घोंगडी अंथरली होती आणि ती आतून हातानं भिंत चाचपत बाहेर येत होती. कडेवर ते मडकं होतं.

"थांब, सारजा," तो म्हणाला. पण ती खाली बसली होती. फडकं सोडून तिनं मडकं घोंगडीवर कलतं केलं.

आधी नाणी पडली. थोडीच होती, पण त्यांचा आवाज खणखणीत आला. आणि मग त्यांच्यामागून खडे पडले.

सारजा दचकली नाही. तिनं मडकं सरळ करून बाजूला ठेवलं. हात पुढे करून ती घोंगडीवर चाचपू लागली. एक खडा उचलला, दोन बोटांत फिरवला, खाली ठेवला. दुसरा उचलला. मग तिनं तोंड वर केलं, पण ते निंबाजी उभा होता त्या बाजूला नव्हतं.

"हे नदीचे खडे आहेत का हो?" तिनं विचारलं.

नायक दुसरीकडे पाहू लागला. वैद्यानं सगळी नाणी गोळा करून सारजेच्या पदरात घातली आणि तो हळू आवाजात निंबाजीला म्हणाला, की तांडा तीन दिवस आहे. तेवढ्यात पैसे आणा. मोती आता अगदी काढायच्या घडीला आलाय.

निंबाजी थेट व्यापाऱ्याकडे गेला. सगळं विकायचं आहे, म्हणाला. व्यापारी घरी आला, कोनाड्यांसमोर उभा राहिला. अडकित्ते पाहिले, दिवे पाहिले, शंख पाहिले. "ज्यांच्याकडे अशा वस्तू जातात त्यांना पुरा संच लागतो," तो म्हणाला. "तुमचं सगळंच अर्धवट आहे. मी पितळ म्हणून मोडीच्या भावात घेईन. शंखांचं मला काही करता येणार नाही." मग त्याची नजर लाकडी डबीवर गेली. "गंजिफा मात्र पुऱ्या आहेत. एक सरदार मागतोच आहे. या क्षणी वैद्याचे सगळे पैसे देतो, वर थोडे उरतील."

अगदी सोपं होतं. हात लांब करून डबी उचलायची आणि द्यायची.

निंबाजी म्हणाला, "गंजिफा राहू द्या. बाकीचं आधी पाहतो."

त्याला वाटलं, अजून दिवस आहेत. बाकीचं विकून भागलं तर ही एक गोष्ट तरी वाचेल. एवढ्या सगळ्याची किंमत मोजून जे एकच पुरं झालं, तेच घालवायचं का? त्या दिवशी तो पेठेतल्या दुकानदारांकडे फिरला. दुसऱ्या दिवशी दिव्यांचं गाठोडं पाठीवर घेऊन शेजारच्या गावी गेला. पांढऱ्या वस्त्रांतली माणसं दारात यायची, दिवा हातात घेऊन बघायची आणि परत द्यायची. सुतकात नक्षीचा दिवा कोण लावतो? शेवटी तांबटाच्या दुकानात त्यानं सगळं मोडीत घातलं. मोराचा अडकित्ता तांबटानं हातोडीनं चेपून तराजूत टाकला, म्हणजे नीट बसेल. पैसे मोजले तर निम्मेही भरले नव्हते.

त्या रात्री त्यानं मनाशी ठरवलं. उजाडताच डबी काखेत मारून तो माळावर गेला.

माळ रिकामा होता. विझलेल्या चुलींची राख, शेण आणि दाव्यांच्या खुंटांची भोकं. पश्चिमेला आभाळ भरून आलेलं पाहून नायकानं तिसरा दिवस सरायची वाट न पाहता पहाटेच तांडा हलवला होता. निंबाजी नदीकडे धावला. वरच्या अंगाला पाऊस झाला असावा, पाणी तांबडं होऊन चढत होतं. शेवटची नाव पलीकडे लागली होती. बैल दरड चढत होते. तो ओरडला, हात हलवले, डबी डोक्यावर उंच धरून दाखवली. पलीकडच्या माणसांनीही हात हलवले. कोणीतरी निरोप द्यायला आलं आहे, असं त्यांना वाटलं असावं.

परतीच्या वेळी दसऱ्यानंतर तांडा आला, तर त्यात वैद्य नव्हता. तो राजधानीत थांबला होता आणि उन्हाळ्यालाच येणार होता.

पुढे थंडीत सुतक फिटलं. वर्षभर पांढरं नेसून कंटाळलेल्या लोकांना जणू रंगाची तहान लागली. सगळी अडलेली लग्नं एकदम निघाली. निंबाजीची कुंडं पुन्हा भरली. तो दिवस उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत राबत होता, आणि मिळेल ते तांबड्या खुणेच्या मडक्यात टाकत होता. मडकं काठोकाठ भरलं. ते वाहू लागलं तसं त्यानं दुसरं आणलं.

वैद्य आला. सारजेला त्यानं उन्हाकडे तोंड करून बसवलं, पापण्या वर केल्या आणि पाहत राहिला. त्यानं विचारलं, ऊन कोणत्या बाजूला आहे? सारजा थांबली. मग तिनं गालाला ऊब लागत होती त्या बाजूला हात केला. डोळ्यांना काही कळतंय का, त्यानं पुन्हा विचारलं. ती नाही म्हणाली. फाल्गुनात डोकं फार दुखलं होतं, दोन दिवस उलट्या झाल्या होत्या. त्यानंतर उजेड गेला.

वैद्यानं तिच्या पापण्या मिटवल्या आणि सुई न काढताच आपली पिशवी बांधली. निंबाजीनं दोन्ही मडकी त्याच्यासमोर आणून ठेवली होती. वैद्यानं त्यांकडे पाहिलं आणि मान हलवली.

वैद्य गेल्यावर निंबाजी सारजेपुढे बसला आणि त्यानं तिला सगळं सांगितलं. शेवटच्या पानांचे पैसे कुठून आले ते. आणि जे तिला अजून ठाऊक नव्हतं, तेही सांगितलं, की व्यापारी त्याच दिवशी पुरे पैसे द्यायला तयार होता.

"त्याच दिवशी डबी दिली असतीत तर?" सारजेनं विचारलं.

"तर तुला आज दिसलं असतं," तो म्हणाला.

मग निंबाजी उठला. डबी नदीत टाकून येतो, म्हणाला. तिनं हातानं त्याला अडवलं. "टाकू नका," ती म्हणाली. "एवढी किंमत देऊन आणलेली वस्तू आहे. राहू द्या." तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. ते निंबाजीला टोमण्याहून जड गेलं.

पुढे दोघं पुष्कळ वर्षं जगली. निंबाजीनं दुसरी एकही वस्तू घरात आणली नाही. तो स्वयंपाक शिकला, सारजेची वेणी घालायला शिकला. तिनं त्याला कधी मागचं काढून दुखवलं नाही. दोघांत हसणं-बोलणंही होतं. पण एक गोष्ट बदलली ती बदललीच.

तो तिच्या हातात सूप देऊन म्हणायचा, तांदूळ निवडलेत. ती हो म्हणायची आणि तिची बोटं दाणा न् दाणा पुन्हा तपासायची. तो म्हणायचा, आमटीत मीठ घातलंय. ती आधी बोट बुडवून चाखायची. दार लावलंय म्हटलं, तरी उठून कडीला हात लावून यायची. हे ती रागानं करत नव्हती. तिला ते कळतही नव्हतं. तिच्या हातांनीच तसं ठरवून टाकलं होतं. एके काळी हीच बाई त्यानं दिलेली वस्तू उजेडाकडे धरायची ती नक्षी शोधायला. खोट शोधायला नव्हे.

एका थंडीच्या सकाळी तो तिला म्हणाला, "सारजा, अंगणात छान ऊन पडलंय. येऊन बस."

"येते," ती म्हणाली. उंबरठ्याशी आली, थांबली. तळहात दाराबाहेर काढून थोडा वेळ धरला. ऊब लागल्यावर मग बाहेर आली आणि त्याच्याशेजारी बसली. निंबाजी तिच्याकडे पाहत राहिला.

म्हणून ऐकणाऱ्यांनो, हौशी जितक्या पोसवतील तितक्याच ठेवाव्यात, आणि ज्या हौसेला दुसऱ्याच्या वाट्यातलं लागतं, तिला त्याच दिवशी उपाशी निजवावं. कारण वाट्यातला पैसा पुन्हा भरता येतो, गेलेला विश्वास भरता येत नाही.